मलजन्य म्हणजे मलेरिया नव्हे

धुळ्याला आम्ही राहत होतो तेव्हा आमच्या घरात दोन प्रेशर कुकर होते, आणि त्यातल्या एकात कधीच काही शिजलं नाही. त्यात भाऊंच्या बाटल्या उकडायच्या. भाऊ म्हणजे माझे वडील. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. तिथलं बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र वर्षातून निम्मे दिवस रुसलेलं असायचं, आणि भाऊंचा स्वभाव असा की यंत्र रुसलं तर त्याची समजूत घालण्याऐवजी ते काम मुकाट्याने घरी घेऊन यायचे. रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या. गल्लीला वाटायचं, हे लोक दर रविवारी पुलाव हाणतात. प्रत्यक्षात आमच्या ताटात कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. आई म्हणायची, "वास नाही आला तरी लोकांना शिट्टी ऐकू येते. खाऊ दे त्यांना मनातल्या मनात पुलाव."

सोमवारी भाऊ सायकलला पिशवी अडकवून पांझरेवर जायचे. नदीवर त्यांच्या तीन जागा ठरलेल्या. एक गावाच्या वर, जिथे पाणी घोटाभर आणि वाळू स्वच्छ दिसते. दुसरी मोठ्या पुलाखाली. तिसरी गावाच्या खाली, नाला जिथे नदीला मिळतो तिथे. सुट्टी असली की मीही मागच्या कॅरिअरवर. बाटली बुडाशी धरायची, तोंड प्रवाहाकडे करायचं, बुचाला आतून बोट लागू द्यायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तिसऱ्या जागी मी नाकाला ओढणी लावायचे. भाऊ म्हणायचे, "नाकाला झाकून काय होणार? पोटाला झाकायला हवं."

मग प्रयोगशाळेत ते पाणी जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांमध्ये घालायचं. प्रत्येक नळीत आणखी एक चिमुकली नळी उलटी बुडवलेली असायची. पाण्यात नको ते जंतू असले की ते वायू सोडतात आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा धरतो. भाऊंच्या भाषेत याला "गॅस येणं" म्हणत. बुधवारी जेवायला बसता बसता ते आईला सांगायचे, "पुलाखालच्या सगळ्या नळ्यांना गॅस आला." हे वाक्य एकदा भिंतीपलीकडून नानींनी ऐकलं. त्या काळात स्वयंपाकाच्या गॅससाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं बसायची. नानी दुसऱ्याच दिवशी हळद मागायच्या निमित्ताने आल्या, रॉकेलच्या स्टोव्हकडे बघत बसल्या आणि शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. "लॅबवालास्ना घर गॅस उना म्हने? कोना वशिला लाया व माय?" आई हसून हसून खाली बसली. पण तो गॅस नेमका कशाचा, हे काही तिने नानींना सांगितलं नाही. कसं सांगणार? तो शब्द आमच्या घरात उच्चारायचा नव्हता. आई त्याला "ते" म्हणायची आणि भाऊ "मलजन्य".

या नानी म्हणजे आमच्या घरमालकीण, आणि नाना घरमालक. आमच्या दोन खोल्या त्यांच्याच आवारात. नाना मूळचे खेड्यातले शेतकरी, कापसावर चांगलं कमावून धुळ्यात आलेले. उंच, मिशाळ, अंगात बारा महिने बंडी आणि तोंडात कायम स्वतःच्या विहिरीचं कौतुक. विहीर आवारातच, नदीच्या काठापासून अगदी जवळ. उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की सगळी गल्ली नानांच्या विहिरीवर. नाना कुणाला नाही म्हणायचे नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण पाण्याला नावं ठेवलीत तर मग तुम्ही त्यांच्या उंबऱ्याला मुकलात. "मना बापनी खंदेल इहीर शे. नदीनं पानी वाळूमाईन येस. वाळू बठ्ठं गाळी लेस," असं ते सांगायचे. त्या वर्षी वरच्या वस्तीचं गटार फुटून विहिरीच्या अगदी वरच्या अंगाला नदीत येऊन पडत होतं. त्याबद्दल वाळूचं काय म्हणणं होतं ते त्यांनी विचारलं नव्हतं.

भाऊ दर सोमवारी नदीवरून येताना नानांच्या विहिरीचाही नमुना घ्यायचे. आणि नाना दर रविवारी संध्याकाळी विहिरीत ब्लिचिंग पावडरचा डबा रिकामा करायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करणाऱ्या पोरांमध्ये आणि नानांमध्ये काही फरक नव्हता. साहजिकच निकाल दर वेळी "पिण्यास योग्य". भाऊंना वास यायचा ना! ते हळूच म्हणायचे, "नाना, ही पावडर थोडी थोडी रोज टाका." नाना म्हणायचे, "रोज टाकीसन पानीनी चव जास." भाऊ म्हणाले, मग मी गुरुवारी नमुना घेतो. नाना म्हणाले, "लॅबवाले, सोमवारले या." आणि भाऊ सोमवारीच जायचे. माझे वडील फार चांगले होते, पण फार भित्रे होते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

एरवी मलाही काही पडलेलं नव्हतं. मी अकरावीत, मला नानांच्या झाडाच्या बोरांशी मतलब. पण नानांची सून सुमनवहिनी सहाव्या महिन्यात होती आणि ती माझी मैत्रीण होती. नरडाण्याची. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी, आणि हसायला लागली की थांबायचीच नाही. त्या हिवाळ्यात गल्लीत काविळीचे रुग्ण निघाले. मागच्या आळीतली एक गरोदर बाई चार दिवसांत गेली. त्या दिवशी भाऊ ताटावरून उठले. आईला म्हणाले, "पाण्यातली कावीळ अशा बाईला झाली की सोडत नाही. आणि ती नानांची सून ते पाणी पितेय." सुमनवहिनी दुपारी आमच्याकडे येऊन उकळलेलं पाणी प्यायची, पण चोरून. घरी तसं करायची सोय नव्हती. नानांचं मत होतं की उकळलेलं पाणी फक्त आजारी माणूस पितो, आणि माझ्या घरात कुणी आजारी नाही.

भाऊंनी हिंमत करून एकदा नानांना सांगितलंच. मी दाराआड होते. भाऊ म्हणाले, "नाना, नदीच्या पाण्यात मलजन्य जिवाणू फार वाढलेत. ते विहिरीत उतरत असणार." नाना खो खो हसले. "मलजन्य? मलेरियाना जंतू तं डासमा ऱ्हातस! मनी इहीरमा एक डास नही. मासा सोडेल शेत मी." भाऊंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सरळ शब्द त्यांच्या जिभेवर येईना. शेवटी "बरं, बरं" म्हणत घरी आले.

त्याच सुमारास भाऊ कुठल्याशा प्रशिक्षणाहून एक खोकं घेऊन आले होते. त्यात औषधाच्या असतात तशा छोट्या बाटल्या, आणि प्रत्येकीत तपकिरी कागदाची वाळलेली पट्टी. पाणी भरायचं, बूच लावायचं, दीड-दोन दिवस उबेला ठेवायचं. पाण्यात "ते" असेल तर बाटली काळी ठिक्कर पडते. यंत्र नको, नळ्या नकोत. थंडीत ऊब मिळाली नाही तर अंगावर बाळगायची, असंही त्यांना शिकवलं होतं. मी एका बुधवारी त्यातली एक बाटली लंपास केली, नानांच्या विहिरीचं पाणी भरलं आणि दोन दिवस स्वेटरच्या आत पोटाशी बाळगली. कॉलेजात तास चालू असताना सारखा हात पोटावर, तर सर म्हणाले, पोट दुखतंय का? शुक्रवारी बाटली काळी. मी नाचतच भाऊंना दाखवली. ते आधी बाटली चोरल्याबद्दल ओरडले, मग ती उजेडाला धरून त्यांनी नीट पाहिली. नानांना दाखवायला गेले तर नाना म्हणाले, "तुमनी पोरनी गटारनं भरेल व्हई." झालं. वर माझा नानांच्या बोराखाली जायचा परवाना रद्द.

म्हणजे नानांनी स्वतः पाणी भरायला हवं आणि स्वतःच उबवायला हवं. पण ते कशाला उबवतील? तिथे माझ्या सुपीक डोक्याने उचल खाल्ली. नानांची एक दुखरी जागा होती. त्यांना नजरेची भारी धास्ती. दारावर लिंबू-मिरची, म्हशीच्या गळ्यात काळा दोरा, घराच्या गच्चीवर काळी बाहुली. मी दोन कोऱ्या बाटल्या घेऊन गेले आणि अगदी गरीब तोंड करून म्हणाले, "नाना, मागच्या वेळी मी खरंच नीट भरलं नव्हतं. पण या बाटल्या वेगळ्या आहेत. या नजरेच्या आहेत."

"नजरन्या?"

"पाण्याला कुणाची नजर लागली असली की काळ्या पडतात. मात्र मालकाच्या अंगाची ऊब लागते. दुसऱ्या कुणाची चालत नाही."

नाना विचारात पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "पूर्ण गल्ली मनी इहीरकडे देखस. नजर लागेलच व्हई." त्यांनी स्वतः पोहरा टाकून कळशी भरली. सुमनवहिनीने त्याच कळशीतलं थोडं पाणी आत नेऊन, नानांच्या नकळत चांगलं उकळून, गार करून आणलं. ते डाव्या खिशातल्या बाटलीत, न उकळलेलं उजव्या खिशातल्या. डावी बाटली कशाला, तर मी म्हटलं, साक्षीदार. नानांनी दोन दिवस त्या बंडीतून काढल्या नाहीत. चालताना हात छातीशी, बसताना जपून, कुणी मिठी मारायला आलं तर लांबूनच नमस्कार. कोंबडी खुडूक बसावी तसे नाना दोन दिवस बसले होते. सुमनवहिनी पदर तोंडात कोंबून हसायची आणि मला खुणेने बाहेर बोलवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी आवारात उभं राहून उजव्या खिशातली बाटली काढली. काळी. इतकी काळी की मीच दचकले. आता नाना विहीर बंद करणार, म्हणून मी मनात उड्या मारत होते. नाना म्हणाले, "मी तं पहिलेच सांगं व्हतं! नानीऽऽ, मिरच्या लय!" माझीच अक्कल माझ्याच अंगाशी येताना मी डोळ्यांनी पाहिली. नानींनी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या विहिरीभोवती ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नाही, नाही लागला तर नजर जबर. वारा नदीकडून येत होता, धूर सगळा आमच्या खोल्यांकडे गेला. आत आई खोकून खोकून बेजार, आणि विहिरीपाशी कुणालाच ठसका नाही. नाना खूश. "बापरे, कितली मोठी नजर व्हती! गई आते." पुन्हा एकदा बाटली लावून बघू या, असं मी चाचरत सुचवलं. ते म्हणाले, "उतरेल नजर कोनी परत मोजस का?"

त्यानंतर विहिरीचं महत्त्व कधी नव्हे इतकं वाढलं. नजर उतरलेलं पाणी म्हणून पलीकडच्या आळीतल्या बायकाही कळशा घेऊन यायला लागल्या. मला जेवण जाईना. भाऊंना सांगायची छाती होत नव्हती, कारण बाटल्या पुन्हा चोरलेल्या. सुमनवहिनीला सातवा लागला होता. रविवारी डोहाळजेवण ठरलं. नाना गल्लीभर सांगत सुटले की मी माझ्या हाताने सुनेला या पाण्याचा पहिला पेला देणार.

रविवार उजाडला. आवारात मांडव. सुमनवहिनी फुलांच्या दागिन्यांत, हिरव्या साडीत झोपाळ्यावर. पुरणपोळी, आमटी, भजी, यावलहून कुणीतरी पाठवलेले केळ्यांचे घड. बायका गाणी म्हणत होत्या, नाव घ्यायचा आग्रह चालला होता. भाऊ पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते. नाना तांब्याचा पेला घेऊन आले, काठोकाठ भरलेला. सुमनवहिनीने माझ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिला मी एवढे दिवस कधीच न हसताना पाहिलं नव्हतं.

मी उठले आणि नानांच्या हातातला पेला धरला. "नाना, नका देऊ. मी खोटं बोलले. ती नजर नव्हती."

"मंग काय व्हतं?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पांढरेफटक पडले होते. मलजन्य, मी मनात म्हटलं. मग मनात म्हटलं, मलेरिया. आणि मग त्या चाळीस-पन्नास जेवत्या माणसांसमोर, पुरणपोळीच्या वासात, खणखणीत आवाजात म्हणाले, "गू! नाना, पाण्यात गू आहे!"

झोपाळ्याची कडी करकरत होती, तीही थांबली. एका बाईचा घास तोंडातच राहिला. आईने कपाळाला हात लावला. नानांनी आयुष्यातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न विचारला.

"कोना?"

"बठ्ठास्ना, नाना," मी म्हणाले. माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली. "आपला बठ्ठास्ना. सगळ्या गावाचा. वरच्या वस्तीचं गटार नदीत पडतं, तिथून विहिरीत उतरतं. वाळू नाही गाळत."

तेव्हा सुमनवहिनी झोपाळ्यावरून उठली. सासऱ्यासमोर तिने मान वर करून बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "नाना, डाव्या खिशातलं पाणीसुद्धा तुमच्याच कळशीतलं होतं. मी उकळलं होतं. ते नाही काळं पडलं. उकळल्याने नजर जाते का?" नानांनी बंडीत हात घातला. दोन्ही बाटल्या अजून तिथेच होत्या, ताईत सांभाळावेत तशा. त्यांनी काळीचं बूच काढलं आणि नाकाशी नेली. अंड्याचं नाव निघालं तरी आंघोळ करणारे नाना! सडक्या अंड्यांचा तो भपकारा नाकात गेला, आणि ते धावत आवाराच्या कोपऱ्यात गेले. बराच वेळ तिथून आवाज येत होते. परत आले ते थेट पेल्याकडे. पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि आत निघून गेले.

त्या संध्याकाळी आई सामान आवरायला लागली. घर सुटणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मी रडत होते, रुसून नव्हे, लाजेने. मंगळवारी सकाळी दारात नाना. मागे आवारात तीन दगडांची चूल पेटलेली, वर लग्नातलं मोठं पातेलं, आणि नानी पाण्याला उकळी कधी येते ते बघत उभ्या. विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकलेल्या. नाना भाऊंना म्हणाले, "लॅबवाले, आज नमुना भरा. सोमवार नही, आज. पावडर टाकेल नही." मग माझ्याकडे वळून, "आनि तू व, चोरटी, बोरं पिकेल शेतस. लई जाय." 

सुमनवहिनी बाळंतपणाला नरडाण्याला गेली आणि तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. वरच्या वस्तीचं गटार वळवून घ्यायला नानांनी पुढे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि जिथे जातील तिथे साहेबांच्या टेबलासमोर तोच एक शब्द मोठ्याने उच्चारला. म्हणे कामं फार लवकर व्हायची. म्हातारपणी ते कुणाच्याही लग्नात पंगतीला बसले की वाढप्याला पाण्याकडे बोट दाखवून आधी विचारायचे, "उकायेल शे ना? का बठ्ठास्नं शे?"

भाऊ त्या दिवसाबद्दल मला ना कधी रागावले, ना त्यांनी शाबासकी दिली. मला वाटायचं, त्यांना माझी लाज वाटली. ते गेल्यावर मी त्यांची पेटी जळगावला माझ्या घरी घेऊन आले. त्यात जुन्या अहवालांच्या कार्बन प्रती होत्या, आणि सगळ्यांत वर नानांच्या विहिरीचा त्या मंगळवारचा अहवाल. "पिण्यास अयोग्य." कारणाच्या रकान्यात छापील "मलजन्य" खोडलेलं, आणि शेजारी भाऊंच्या मोत्यासारख्या अक्षरात: पाण्यात गू आहे. वर साहेबांची लाल शाई, "शब्द बदलून पुन्हा सादर करावे." त्याखाली टाचणीने दुसरी प्रत लावलेली होती. भाऊंनी अहवाल पुन्हा सादर केला होता. शब्द तोच होता, फक्त या वेळी त्यांनी तो जरा मोठ्या अक्षरात लिहिला होता.